चिंचेनं उजळलेलं विमान

माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, जर्मनचं भांडं उंबऱ्याच्या आत येत नसे. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्या काळी बायका त्याला जर्मनच म्हणायच्या. आम्ही तांबट. पिढ्यानपिढ्या आमच्या घरांत तांब्याचे हंडे, घंगाळी, पाणी तापवायचे बंब ठोकले गेले, आणि या पांढऱ्या, हलक्या, स्वस्त धातूनं आमचा धंदा बुडवला. माझे वडील रस्त्यात कुणाच्या हातात जर्मनची किटली दिसली तरी तोंड फिरवायचे. अशा घरातली मी मुलगी, आणि लग्न होऊन आले ती नेमकी अशा माणसाच्या घरी, ज्याचं पोट जर्मनवर चालत होतं. हे विमानतळावर एका कंपनीच्या हँगरमध्ये पत्रेकाम करायचे. विमानाला कुठं पोचा आला, चीर गेली, की तेवढा तुकडा कापून नवा पत्रा बसवायचा. हातोडी धरायला बापानं शिकवलं होतं, पोट भरायला ती अशी उपयोगी पडली.

तांबटांच्या घरात एक रीत असते. पुरुषानं ठोकायचं आणि बाईनं उजळायचं. भांडं ठोकून झालं की ते काळंमिट्ट असतं. मग घरातल्या बायका चिंच आणि मीठ एकत्र कालवून ते त्याला चोळतात, वरून राख, काथ्यानं घासघास घासतात, की तांबं असं काही लाल निघतं की बघत राहावं. न उजळलेलं भांडं गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे घरातली बाई आळशी आहे असं गावभर सांगणं. मी सात वर्षांची असल्यापासून भांडी उजळत होते. माझ्या बोटांच्या टोकांना चिंचेनं कायम सुरकुत्या पडलेल्या असायच्या. ही रीत मी पहिल्यानं सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते हिच्यामुळं झालं, आणि ते मी केलं.

आम्ही अंधेरीला राहायचो, स्टेशनच्या पूर्वेला, सहारकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका वाडीत. दोन खोल्या, पुढं ओटी, मागं मोठं परस. परसात फणस, चार माड आणि एक विहीर. डोक्यावरून विमानं जायची तेव्हा बोलणं थांबवायचं, विमान गेलं की पुढचं वाक्य. वर्सोव्याकडून वारा सुटला की सुकटीचा वास यायचा. आणि तो वारा खारट असायचा. खिडकीचे गज दर वर्षी गंजायचे, दर वर्षी हे ते रंगवायचे आणि म्हणायचे, "मिठाला कंटाळा नसतो." तेव्हा मला हे बोलणं गमतीचं वाटायचं.

लग्नाला सहा वर्षं झाली असतील, एका रविवारी यांनी भिंतीवर एक मोठा निळा कागद चिकटवला. त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेलं विमान.

"हे काय आणलंत?"

"बांधणार आहे."

"कंपनीचं?"

"आपलं. मागं परसात."

मी हसले. हे हसले नाहीत. हा माणूस मुळातच कमी बोलणारा. दिवसाला पाच वाक्यं, त्यातली दोन आईशी. तेव्हा कुठं मला कळलं की गेली तीन वर्षं दर रविवारी "जुहूला जातो" म्हणून हे जे जायचे, ते तिथल्या उडायच्या क्लबात जायचे. क्लबाची विमानं फुकट दुरुस्त करून द्यायची आणि बदल्यात ते यांना उडवायला शिकवायचे. लायसन्ससुद्धा हातात आलं होतं. मला वाटलं होतं समुद्रावर फिरायला जातात. तीन वर्षं, म्हणजे बघा. बायकोपासून एवढी गोष्ट लपवणारा माणूस, आणि मी म्हणत होते गरीब बिचारा, बोलता येत नाही.

मी कागदापाशी जाऊन नीट बघितलं. मधोमध एक खुर्ची होती. एकच.

"एकटेच बसणार?"

"एवढंच वजन उचलेल ते."

घरातली दुसरी कुठलीही वस्तू करायला घेतली आणि बिघडली, तर ती फेकता येते. ही वस्तू बिघडली तर हे आकाशात असणार होते.

पत्रे हँगरमधून यायचे. थोडा चरा गेलेला, कोपरा वाकलेला पत्रा कंपनी बाद करायची आणि साहेबाच्या चिठ्ठीवर तो घरी नेता यायचा. परसात बांबू आणि माडाच्या झापांची एक लांबलचक खोप उभी राहिली. पहिल्या वर्षी लाकडाचे साचे झाले. दुसऱ्या वर्षी पंखांच्या आतल्या फासळ्या. हे हँगरमधून आले की चहा घेऊन खोपीत जायचे आणि हातोडीचा आवाज सुरू व्हायचा, टक टक टक, एका लयीत. वाडीतली माणसं कुंपणावरून डोकावायची. "काय वैनी, कधी उडणार तुमचं?" "तिकीट काढून ठेवा हां आमचं." मी म्हणायची, हो हो, तुम्हाला टपावर बसवू. हसायची आणि घरात येऊन विळीवर राग काढायची.

पत्र्याला पत्रा जोडतात तो रिव्हेटनं. रिव्हेट म्हणजे डोकं असलेला बारका खिळा. तो भोकात घालायचा, एकानं बाहेरून डोक्यावर ठोकायचं आणि दुसऱ्यानं आतून एक जड लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. त्याला डॉली म्हणतात. ठोकल्यावर रिव्हेटचं शेपूट डॉलीवर चेपतं आणि दोन पत्रे एकमेकांना घट्ट बसतात. पंख टोकाकडे निमुळता होत जातो, तिथं आत पुरुषाचा हात जात नाही. माझा जायचा. मग काय, रोज संध्याकाळी कुकर-बिकर काही नव्हता तेव्हा, भात चुलीवर चढवायचा आणि मी खोपीत. हे म्हणायचे "धर". मी धरायची. टक टक टक. "सोड." मी सोडायची. एका पंखात दीड हजारांवर रिव्हेटं असतील, त्यातली निम्मी तरी माझ्या हातावर चेपली आहेत. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. आमच्यात एवढं बोलणं दुसऱ्या कुठल्या वेळी होत नसे. धर, सोड. धर, सोड.

यांचे नियम फार. पत्र्यावर शिसपेन्सिलनं रेघ मारायची नाही, त्यानं तिथं पत्रा सडतो. ओल्या हातानं धरायचा नाही. घाम पडला तर लगेच पुसायचा. मी एकदा म्हटलं, "सोवळ्यात करू का काम?" तर म्हणाले, "केलंस तर बरंच." आणि ते थट्टा करत नव्हते.

शेवटचा पत्रा बसवून पंख बंद करायच्या आधी एक सरकारी साहेब तपासायला आले. बॅटरी आणि लहानसा आरसा घेऊन त्यांनी पंखाच्या आत इंच न् इंच बघितलं. कागदावर शिक्का मारला. माझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाले, यांनी सांगितलं, "तुझं काम चांगलं आहे म्हणतात." मला किती बरं वाटलं. साहेब गेल्यावर यांनी तो शेवटचा पत्रा लावला आणि म्हणाले, "आता हा आतून परत कुणाला दिसणार नाही."

पंख पुरे झाले ते भाद्रपद संपता संपता. आश्विनात नवरात्र बसलं आणि त्याच आठवड्यात कंपनीनं यांना नागपूरला पाठवलं. तिथं एक विमान उतरताना घसरलं होतं, त्याचं पोट दुरुस्त करायचं होतं. दसऱ्याच्या सकाळपर्यंत येतो म्हणाले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हातोड्या, ऐरणी, कात्र्या धुऊनपुसून पाटावर मांडायच्या, गंधफूल वाहायचं. आदल्या दिवशी सासूबाई खोपीत गेल्या. त्या एरवी तिथं फिरकत नसत; जर्मनचं काम त्यांच्या डोळ्यांना सहन व्हायचं नाही. त्यांनी त्या दोन पंखांकडे बघितलं. पंखांवर बोटांचे ठसे, तेलाचे डाग, मधेच काळसर ढग.

"हे असंच पूजेला ठेवणार?" मला म्हणाल्या. "पाच वर्षं माझा लेक राबतोय, आणि घरात दोन बायका असून हे असं काळं?"

"त्यांना विचारायला हवं, आई."

"त्याच्या बापाला कधी विचारलं नाही मी. भांडं झालं की उजळायचं. विचारायचं काय त्यात? का तुझ्या माहेरी विचारायचे?"

माहेर काढलं की माझं डोकं फिरायचं. सासूबाईंना दाखवतेच, असं मनात आलं. आणि दुसरं खरं सांगायचं तर मलाही ते उजळायचं होतं. यांनी ठोकलं, आता माझी पाळी, असं मला अगदी आतून वाटलं. नागपूरहून येतील, बघतील, आणि हा न बोलणारा माणूस काहीतरी बोलेल.

आता तुम्ही म्हणाल, जर्मनच्या भांड्यात आंबट ठेवू नये हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. ठेवलं की ते काळं पडतं, भोकं पडतात. हो, तुमच्या घरात जर्मनची भांडी होती म्हणून तुम्हाला ठाऊक. आमच्या घरात नव्हती. आम्हाला धातू म्हटलं की चिंच आणि मीठ, एवढंच ठाऊक. ओल्या हाताचे वगैरे यांचे नियम ठोकतानाचे, असं मी धरलं होतं.

दोन शेर चिंच भिजवली. दोन टोपल्या राख चाळली. सकाळी नऊला बसलो आम्ही दोघी, ते ऊन उतरेपर्यंत घासत होतो. पत्र्यावर पत्रा जिथं चढतो त्या सांध्यांत काळं बसलं होतं, तिथं मी चिंचेचा कोळ बोटानं आत आत सारला, कारण माझ्या आईनं शिकवलं होतं की भांड्याचे काठ आणि कान आधी, मग पोट. मग विहिरीचं पाणी. बादल्यांवर बादल्या ओतल्या. पंख निथळायला उभा करताना आत कुठंतरी पाणी खुळखुळलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "निघेल ते." आम्ही पंख दुसऱ्या बाजूनं कलता केला. थोडं पाणी निघालं, पण सगळं नाही निघालं.

दिसायला मात्र काय दिसत होते म्हणून सांगू. चांदीचे. नवमीला पूजा झाली तेव्हा वाडीतल्या बायका नुसत्या ते बघायला आल्या. सासूबाई ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या, एवढं खूश मी त्यांना पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी हे आले. पिशवी खाली ठेवून सरळ खोपीत गेले, आणि दारातच उभे राहिले. मी मागं होते, मला फक्त पाठ दिसत होती. पाठीकडे बघूनच मला कळलं की काहीतरी वाईट झालंय.

"कशानं घासलंत?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "फडक्यानं. साधं पाणी आणि फडकं. दुसऱ्या कशानं घासणार?"

त्यांनीही ती पाठ वाचली असणार. आईच ती.

यांनी पंखावरून तळवा फिरवला. मग वळले. चेहरा जरा सैल झाला होता. "घासायचं नसतं," म्हणाले. "वर शुद्ध धातूचा पातळ पापुद्रा असतो, तो आतल्याला सांभाळतो. असू दे. फडक्यानं फार काही होत नाही. एक बरं, आंबट-खारट काही लावलं नाहीत."

"लावलं तर काय होतं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"सांध्यात शिरतं आणि आतून खात राहतं. बाहेरून लखलखीत दिसतं आणि आत पीठ झालेलं असतं. वर गेल्यावर पंखावर जोर येतो तेव्हा कळतं." आणि मग आईला म्हणाले, "आई, सोनं दे की. दसरा आहे." सासूबाईंनी आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवलं.

मी तेव्हाच का नाही बोलले? हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, मीच स्वतःला विचारत आले. सासूबाई समोर होत्या. सणाचा दिवस होता. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई चुलीपाशी माझा दंड धरून म्हणाल्या, "सांगू नकोस हो त्याला. जीव तोडून केलंय पोरानं. आणि काही होणार नाही, एवढं पाणी ओतलं आपण." तिसऱ्या दिवशी मला वाटलं, खरंच, एवढं पाणी ओतलं. पंधरा दिवसांनी वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, पंधरा दिवस का गप्प होतीस? महिन्यानं ते आणखी अवघड झालं. भीती वाटायची आणि गप्प बसायची, दोन्हीची सवय लागली.

पण कान मात्र त्या खोपीतच असायचे. दुपारी घर शांत झालं की मी पंखाला कान लावून उभी राहायची. काय ऐकू येणार होतं मला? मीठ खाताना आवाज करतं थोडंच? तरी उभी राहायची. डोक्यावरून विमान गेलं की त्या पत्र्यात थरथर उठायची आणि मी दचकून मागं व्हायची.

पौषात सासूबाई तापानं आजारी पडल्या आणि आठ दिवसांत गेल्या. शेवटच्या दिवशी शुद्ध होती. लेकाला काही बोलल्या नाहीत. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माझ्या माघारी माझं नाव नको सांगूस." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला काय नाही म्हणणार? त्या गेल्या सुटून, आणि सगळं माझ्या गळ्यात अडकवून गेल्या. मला त्यांचा फार राग आला. रडताना रडत होते ते रागानं.

सुतक फिटलं, दिवस झाले, आणि होळीच्या सुमारास यांनी पंख रंगवायला काढले. दोन रविवार ते एकटेच रंगवत होते. मला मदतीला बोलावलं नाही. मी चहा घेऊन गेले तर एका पंखाखाली उताणे झोपून खालच्या बाजूला बघत होते. ब्रश बाजूला ठेवलेला.

"काय बघताय?"

"काही नाही."

आणि मग उठून रंगवायला लागले. मला केवढं सुटल्यासारखं वाटलं. एवढं जवळून बघितलं यांनी आणि रंगवताहेत, म्हणजे ठीकच असणार. त्या दिवशी मी गोड केलं, शेवयांची खीर. यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. त्या दिवसापासून हे आणखी कमी बोलायला लागले, पण आई गेल्याचं दुःख असेल असं मी धरून चालले. मधून मधून मात्र माझ्याकडे बघत राहायचे. मी विचारायची, "काय हो?" "काही नाही. तुला काही म्हणायचं होतं का?" "मला? नाही बाई."

असं तीनदा-चारदा विचारलं असेल त्यांनी.

मे महिन्यात विमानाचं धड बैलगाडीवर घालून जुहूला नेलं. लढाईनंतर मोडीत निघालेलं एक इंजिन क्लबानं मिळवून दिलं होतं, ते तिथं बसलं. पावसाच्या आत पहिल्यांदा उडवायचं ठरलं. रविवार ठरला. त्याच्या आधीच्या मंगळवारी सकाळी पंख न्यायला गाडी येणार होती.

सोमवारी दुपारी खोपीत गेले. फणसावरच्या कावळ्यांनी झापाच्या फटीतून एका पंखावर घाण केली होती, म्हटलं पुसून घ्यावी. पुसता पुसता बोटाला एक फुगवटा लागला. रंगाखाली, सांध्याच्या बाजूनं. त्याच्या पुढं आणखी एक. ओळीनं होते, रिव्हेटांच्या रांगेबरोबर. नखानं एक फोडला. आतून पांढरी भुकटी निघाली, रांगोळीसारखी बारीक. मी फुंकर मारली, आणखी निघाली.

त्या दुपारी मी कितीतरी वेळ खाली बसून होते. हे कामावरून आले, जेवले, झोपले. मी बोलले नाही. का नाही? खरंच सांगते, वाटत होतं की हे उठून रंग बघतील, त्यांनाच दिसेल, आणि माझ्यावर ती पाळी येणार नाही.

मंगळवारी सकाळी गाडी आली. गाडीवान आणि तीन माणसं. परसात गाडी मागं घेतली, गवताच्या पेंढ्या पसरल्या. चौघांनी पंखाला हात घातला, हे पुढं. "उचला" म्हणणार एवढ्यात मी म्हटलं, "थांबा जरा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हे गाडीवानाला शांतपणे म्हणाले, "तुम्ही नाक्यावर चहा घेऊन या." ती माणसं गेली. आम्ही दोघं खोपीत उरलो.

मी सगळं सांगितलं. चिंच, मीठ, राख, सांध्यात बोटानं सारलेला कोळ, आत खुळखुळलेलं पाणी. सासूबाईंचं नावसुद्धा घेतलं, शब्द मोडला. काल फोडलेला फुगवटा दाखवला. रडले नाही. पंखाला धरून उभी होते. वाटलं, आता ओरडतील, हात उगारतील. तसं कधी केलं नव्हतं त्यांनी, पण त्या दिवशी केलं असतं तर मी मान्य केलं असतं.

यांनी खिशातून चाकू काढला. पंखाच्या खालच्या बाजूला, मला ठाऊकही नव्हती अशा एका जागी टोक टेकवून नुसतं दाबलं. चाकू मुठीपर्यंत आत गेला.

जागा शोधावी लागली नाही त्यांना.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"होळीपासून."

"चिंच लावली होती तेसुद्धा?"

"तांबटाचाच मुलगा आहे मी. घरात दोन बायका, आणि मी नागपुरात. दुसरं काय असणार?"

"मग रंगवलंत कशाला? बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो."

"कसली?"

"तू सांगण्याची."

अडीच महिने. तुला काही म्हणायचं होतं का, तुला काही म्हणायचं होतं का. मी विचारलं, आणि विचारताना उत्तर ऐकायचं नाही असं वाटत होतं, "आणि आज मी गप्प राहिले असते तर?"

यांनी चाकू पुसला, मिटला, खिशात ठेवला.

"तर रविवारी गेलो असतो."

आवाज चढवला नाही. उद्या ऑफिस आहे, असं सांगावं तसं म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आयुष्यात तो माणूस एकदाही खोटी धमकी देऊ शकला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा माझ्या नवऱ्याची भीती वाटली. चूक माझी होती, पाप माझं होतं, सगळं कबूल. पण मरायचं की नाही हे माझ्या बोलण्यावर सोडून हा माणूस अडीच महिने माझ्या हातचं जेवत होता.

गाडीवान चहा पिऊन आला. हे त्याला म्हणाले, "आज नको. पत्रा कच्चा निघाला." क्लबात तेच सांगितलं, हँगरमध्ये तेच सांगितलं, पत्रा कच्चा निघाला, माझीच निवड चुकली. चिंचेचं अक्षर कुणापुढं काढलं नाही, ना आईचं नाव ना माझं. याला चांगुलपणा म्हणावं का आणखी काही, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. पुढच्या दोन रविवारी त्यांनी दोन्ही पंख कात्रीनं कापून टाकले. मी मदत करू का विचारलं तर म्हणाले, "धर." मी पत्र्याचं एक टोक धरून उभी राहिले. नवे पंख करायचं त्यांनी कधी नाव काढलं नाही.

त्यानंतर आम्ही तेहतीस वर्षं संसार केला. दोन मुली झाल्या. हे वय होऊन, अंथरुणात गेले, विमानाचा त्यात काही संबंध नव्हता. पण त्या तेहतीस वर्षांत हे चपला घालून बाहेर पडायला लागले की मी हातातलं काम टाकून दारात जायची आणि असेल नसेल ते सगळं सांगून टाकायची. दूध नासलं. घड्याळाची काच माझ्याकडून फुटली. धाकटीला मी मारलं. काल तुम्ही बोललात त्याचा मला अजून राग आहे. हे उभे राहून सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि जायचे. वाडीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई जोडपं आहे, एकमेकांपासून काही लपवत नाहीत. मी हो म्हणायची. मग दार लावून आत यायची आणि सांगायचं काही राहिलं तर नाही ना, ते आठवत बसायची.